ओढताना आतलं चित्र दाखवा

'...सदर इसम संगणकाच्या पडद्यावर फिकट अवस्थेत, श्री. कुशाबा यांच्या छातीवर आडवा आढळून आला.'

बाभळीचे काटे अंगावर न घेता ओढायचे, तर बेचक्याची लांब काठी लागते.

रुंदी बारा फूट, उंची आठ फूट. कडेने पितळी कड्या.

"आवं, आदी ह्यास्नी खाली ठेवा! खाली ठेवा म्हन्ते न्हवं!"

भूगोल : शंभरपैकी पस्तीस.

लेण्याद्रीच्या पायथ्यापासून कळंबच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत एकवीस गाड्या, त्यातली एक बँडवाल्यांची.

पडद्याची डावी कड.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मलाही दोन हजार पाच सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी चारपर्यंत वाटत नव्हतं. मी कळंबच्या बाजूच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. राहायला अवसरी बुद्रुकच्या अलीकडच्या आमच्या वाडीत. माझी मुलगी हर्षाली हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मांडव आमच्याच शेतात घालायचा असं मी ठरवलं होतं. हे ठरवताना भूगोलाच्या शिक्षकाने नकाशा पाहायला हवा होता.

नकाशा असा. डांबरी रस्ता. त्याला लागून माझा चुलतभाऊ कुशाबा याचं शेत. त्यामागे दुसरा चुलतभाऊ जानकू याचा तुकडा. आणि त्याच्या मागे आमचं शेत. रस्त्यावरून आमच्या शेतात यायचं तर कुशाबाच्या बांधावरून आणि जानकूच्या कोपऱ्यातून यावं लागतं, तिसरी वाट नाही. या वाटेवरून त्या दोघांची अकरा वर्षं तालुक्याच्या कचेरीत केस चालू होती. जानकू म्हणे, बांधावरून आमची पूर्वापार वहिवाट आहे. कुशाबा म्हणे, वहिवाट असती तर पायवाट पडली असती, दाखवा कुठे पडलीय. यावर जानकूचा उपाय असा, की कुशाबाचा ट्रॅक्टर मागच्या सामाईक विहिरीकडे निघाला की आपला कोपरा काटे टाकून बंद करायचा. मग कुशाबा बांध बंद करी. मध्ये मी. माझी कुणाशीच केस नव्हती, त्यामुळे मला तारीखही मिळत नसे.

म्हणजे दोघंही खूश राहिले तरच वऱ्हाड मांडवात येणार. आणि दोघांना खूश ठेवायचा आमच्याकडे एकच मार्ग उरला आहे : फ्लेक्स.

हा प्रकार नवीन आहे, पण मानपान जुनाच आहे. रस्त्याच्या तोंडाशी बारा बाय आठचा फलक लागतो, त्यावर वधूवरांची नावं, आणि खाली 'आपले स्वागतोत्सुक' म्हणून अख्ख्या भावकीचे फोटो. कुणाचा फोटो वर, कुणाचा खाली, कुणाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, यावर माणसं पुढची पाच वर्षं लक्ष ठेवून असतात. आमच्यात पहिली जागा थोरल्या पातीची, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेची. थोरल्या पातीचा कुशाबा. पण मधल्या पातीचा जानकू वयाने चार वर्षांनी मोठा. आता पहिला फोटो कुणाचा? वंशावळ एक सांगते, शाळा सोडल्याचा दाखला दुसरं.

मंचरचा फ्लेक्सवाला म्हणाला, "गुरुजी, मला यात घालू नका. मांडणी तुमी करून आणा, मी छापून देतो." हा माणूस पुढे जाईल.

मांडणी मी करणार होतोच. मी एमएससीआयटी झालो आहे. सरकारने सक्ती केली म्हणून सगळेच झाले, पण मला एकसष्ट मार्क पडले आणि प्रमाणपत्र मी फ्रेम करून लावलं आहे. पुण्याच्या एका मित्राने बदलून टाकलेला संगणक माझ्याकडे होता. त्यावर फोटो जुळवायचा एक प्रोग्रॅम. माऊसने फोटो धरायचा, ओढायचा, हव्या त्या जागी सोडायचा. त्रेचाळीस फोटो मी आत घेतले. ज्यांची जागा अजून ठरायची होती त्यांच्यासाठी पडद्याच्या डाव्या कडेला, फलकाच्या चौकटीबाहेर, एक जागा राखली. तिला मी वाहनतळ म्हणे.

आणि मग मला ती कल्पना सुचली. शिक्षकी पेशात अशा कल्पना सुचतात. मांडणी सर्वांसमक्ष करायची! पाठीमागे काही झालं असं कुणी म्हणायला नको.

आमच्या मंडळी, म्हणजे भागू, म्हणाल्या, "गुपचूप करा आन् छापून आना. छापलेलं कोन पुसतंय?"

मी म्हणालो, "लोकशाही आहे."

"मग मी च्या टाकते," भागू म्हणाली. "पातेलं मोठं घ्यावं लागंल."

*

चार वाजता भावकी आली. एकोणीस माणसं, पंधरा इंची पडदा. पुढच्या रांगेत कुशाबा आणि जानकू, मध्ये एक रिकामी खुर्ची. जानकूच्या मागे त्याची बायको धोंडाबाई. शेजारचे सावळेराम, एसटीतले निवृत्त कंडक्टर, आमच्या भावकीतले नसूनही आले, कारण सल्ला द्यायला नातं लागत नाही.

मी जानकूचा फोटो धरला आणि ओढायला सुरुवात केली.

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये एक चौकोन होता. त्यापुढच्या इंग्रजीचा मराठीत अर्थ : ओढताना आतलं चित्र दाखवा. चौकोनात खूण केली, तर ओढताना फोटो दिसतो. काढली, तर नुसती तुटक रेघांची रिकामी चौकट सरकते आणि बोट सोडल्यावर फोटो तिथे उमटतो. हर्षालीने मला बजावलं होतं, "अण्णा, मशीन म्हातारं आहे, चित्र उचलायचा दम नाही त्यात. ती खूण काढूनच ठेवा." मी ठेवली होती.

त्यामुळे पडद्यावर एक रिकामी चौकट निघाली.

"हे काय मोकळं खोकं चाललंय?" कुशाबाने विचारलं.

"नाना, त्यात जानकूभाऊ आहेत."

"दिसत तर न्हाईत."

"सोडल्यावर दिसतील."

"म्हंजे सोडंपातुर कळायचं न्हाई, कोन येऊन ऱ्हायलंय ते?" कुशाबा भावकीकडे वळला. "बघा राव! असंच अकरा वर्सं चाललंय. आदी मोकळं खोकं यायचं, मग त्यातनं मानूस निगायचा."

जानकूची वेगळी तक्रार होती. "गुरुजी, मी खोक्यात हाय म्हन्ता. मग हितं खाली आजून कोन बसलाय?" त्याचा मूळ फोटो जागेवरच होता; बोट सोडेपर्यंत तो हलत नाही.

"तेही तुम्हीच."

"येकाच येळी दोन जागी?"

"तात्पुरते."

"सातबाऱ्यावर बी असंच तात्पुरतं लिवलं व्हतं," मागून कुणीतरी म्हणालं, "आजून निगालं न्हाई."

सावळेराम म्हणाले, "गुरुजी, माझं ऐका. सीटला नंबर टाका. चिठ्ठी काढा. ज्याला जो नंबर, तिथं त्यानं बसायचं. पस्तीस वर्सं गाडी चालली तशी." त्यांना कुणीतरी चहा दिला.

पण कुशाबाने आता मुद्दा धरला होता. काय नेताय ते दिसलं पाहिजे. ओढताना आत कोण आहे हे सर्वांना दिसल्याशिवाय एकही फोटो हलणार नाही. "कारभार पारदर्शक पायजे," तो म्हणाला. हा शब्द त्याने सोसायटीच्या निवडणुकीत ऐकला होता, आणि माझ्या संगणकाने तो शब्दशः घेतला.

मी सेटिंगमध्ये गेलो आणि खूण केली. दारातून हर्षाली म्हणाली, "अण्णा, नको." एकसष्ट मार्कांचा माणूस भावकीसमोर मुलीचं ऐकत नसतो.

मी जानकूचा फोटो पुन्हा उचलून वरच्या कोपऱ्याकडे नेला. आता फोटो दिसला, पण या प्रोग्रॅममध्ये उचललेला फोटो जागेवर टेकेपर्यंत फिकट दिसतो, आरपार. जानकूचा फेटा, मिशा, कपाळावरचा गुलाल, सगळं धुक्यासारखं झालं आणि त्याच्या पोटातून पलीकडचा झेंडूचा हार दिसू लागला.

धोंडाबाई किंचाळली. "आवं, आदी ह्यास्नी खाली ठेवा! खाली ठेवा म्हन्ते न्हवं! मामंजींचा फोटू भितीवर असाच फिका पडलाय!"

"वहिनी, ही फक्त सोय आहे—"

"कशाची सोय? मानूस जित्ता बसलाय म्होरं! आवं, तुमी बोला की कायतरी!"

जानकूने घसा खाकरून आपण आहोत असं सिद्ध केलं.

घाईघाईत मी फोटो खाली न्यायला निघालो. वाटेत कुशाबाचा फोटो होता. भूगोल शिकवणाऱ्या माणसाने वळसा घ्यायला हवा होता. मी सरळ नेला. आणि नेमका कुशाबावर असताना संगणकाचा दम संपला.

ज्यांनी जुना संगणक वापरला आहे त्यांना माहीत असेल : चित्र ओढताना त्याला धाप लागली, की आधीचं पुसायचं विसरतो आणि पुढचं काढत सुटतो. पडद्यावर एकामागे एक जानकू उमटत गेले. एक, दोन, चार, सात. सगळे फिकट, सगळे फेट्यात, वरच्या कोपऱ्यातून निघून कुशाबाच्या खांद्यावरून, तोंडावरून छातीपर्यंत ओळीने. आणि तिथे सगळं थांबलं. माऊस हलेना, कळ चालेना.

मग कुशाबा उठून उभा राहिला.

"माज्या हद्दीतनं रस्ता पाडला!"

आणि जानकू त्याच्यापेक्षा सावकाश उठला. त्याच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत न दिसलेला आनंद होता. "मंडळी, समद्यांनी बघा. पायवाट, पायवाट म्हनत व्हते न्हवं? ही पडली. सात पावलं मोजा."

"ती कॉम्प्युटरनं पाडली!"

"गुरुजींनी पाडली. गुरुजी काय खोटं पाडतील व्हय?"

तोपर्यंत धोंडाबाईने आमच्या कपाटावरचा साखरपुड्याचा कॅमेरा उचलून नवऱ्याच्या हातात दिला होता. रोलमध्ये दोन फोटो शिल्लक होते. जानकूने दोन्ही पडद्याचे काढले. त्यानंतर लाईट गेली, नेहमीच्या वेळेला, आणि सातही जानकू एकदम गेले.

*

मंचरला धुऊन आलेल्या फोटोत कुशाबाच्या तोंडावरून एक आडवा काळा पट्टा गेलेला होता. पडद्याचा फोटो काढला की तसा येतो. जानकूने सांगितलं, तो कायद्याचा पट्टा आहे.

जानकूने तो फोटो केसला जोडला. कुशाबाने उलट अर्ज दिला, की आपल्या प्रतिमेच्या हद्दीत जानकूने सात ठिकाणी अतिक्रमण केलं असून, सदर कामी शिक्षकाचा वापर झाला आहे. मला आयुष्यात बरंच काही म्हटलं गेलं आहे. पण 'वापर' हा शब्द लागला.

गुरुवारी मंडल अधिकारी पाहणीला आले. ते माझे विद्यार्थी निघाले. नववीच्या वार्षिकला भूगोलात पस्तीस मार्क, तेही मी वरून दोन दिले म्हणून. खुर्चीवर बसून त्यांनी टाचणी लावलेला कागद काढला. "गुरुजी, घटना पुन्हा करून दाखवा."

मी केली. जानकू फिकट झाला, धोंडाबाई डोळे मिटून बसली, सात जणांची रांग लागली, संगणक थांबला. संगणकाने इतका आज्ञाधारकपणा एरवी कधी दाखवला नव्हता.

"उत्तर दिशा कुठली?"

"पडद्यावर वर."

"नक्की?"

"तुलाच शिकवलंय मी," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घालून लिहिलं : 'उत्तर दिशा सांगण्यावरून वरच्या बाजूस.' मग फूटपट्टी मागितली. कुशाबाच्या डाव्या खांद्यापासून छातीपर्यंतची वाट साडेचार सेंटिमीटर भरली. 'प्रमाण उपलब्ध नाही,' असंही लिहिलं. पंचनाम्यात जानकू 'उभा' लिहायचा की 'आडवा', यावर पंच म्हणून बोलावलेल्यांचं एकमत झालं नाही; अधिकाऱ्यांनी आडवा लिहिला. शेवटी आदेश असा, की पुढील सुनावणीपर्यंत दोन्ही पक्षकारांनी पडद्यावर व शेतात परिस्थिती जैसे थे ठेवावी आणि संगणक बंद करू नये.

सही होते न होते तोच लाईट गेली. अधिकाऱ्यांनी अंधारल्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली एक ओळ वाढवली : 'वीजपुरवठा खंडित झाल्याने सदर परिस्थिती दिसून येत नाही.'

"गुरुजी, पेढे लग्नाला येऊनच खाईन," ते जाताना म्हणाले. मी म्हणालो, "कुठल्या वाटेने?" ते हसले. मी हसलो नव्हतो.

पुढचे पाच दिवस मी शाळेच्या सुट्टीचा उपयोग मानवजातीला होईल असा केला. ती खूण काढून टाकली आणि एकट्याने, दार लावून, रिकाम्या चौकटी हलवल्या. कुशाबा वर डावीकडे, जानकू वर उजवीकडे. दोघं अगदी समान उंचीवर, समान आकाराचे. पडद्याला फूटपट्टी लावून मोजले. दोघांच्या मध्ये झेंडूचा हार, म्हणजे कुणाची हद्द कुणाला लागू नये. त्यासाठी बाकीचे सगळे लहान केले. सावळेरामांनाही घेतलं, नाहीतर ते सल्ला देत राहिले असते. हर्षाली एकदा चहा ठेवायला आली. पडद्याच्या डाव्या कडेकडे तिने जरा वेळ पाहिलं, काहीतरी विचारणार होती, मी म्हणालो, "थांब गं, मोजतोय." ती गेली.

फ्लेक्स छापून आला. कुशाबाने टेप लावून मोजला, जानकूने टेप लावून मोजला. दोघांनाही उणं सापडेना. दोघांच्याही तोंडावर घोर निराशा होती.

फ्लेक्स आम्ही रस्त्याच्या तोंडाशी, बांधाच्या सुरुवातीला उभा केला. ती शेवटची चूक. कुशाबा म्हणाला, फ्लेक्स माझ्या बांधावर आहे, म्हणजे जानकू माझ्या बांधावर उभा आहे, म्हणजे वहिवाट झाली. जानकू म्हणाला, झालीच.

*

लग्नाच्या दिवशी सकाळी दहा वाजता कुशाबाने बांधाच्या तोंडाला बाभळीचे काटे ओढले. साडेदहाला जानकूने आपल्या कोपऱ्याला ओढले. आदेश शेतातही जैसे थेचा होता आणि त्याच्या मते थे म्हणजे काटे. मुहूर्त बारा पस्तीसचा. सव्वाअकराला एकवीस गाड्या फाट्यावरून वळून आल्या आणि थांबल्या.

बारा फूट रुंद फलक. त्यावर 'सहर्ष स्वागत'. त्याखाली त्रेचाळीस हसरी माणसं, वर दोन्ही कोपऱ्यांत कुशाबा आणि जानकू हात जोडून. आणि त्याखाली छातीएवढी बाभूळ, दोन्ही बाजूंना खरे कुशाबा आणि खरे जानकू, फेटे बांधून, स्वागतोत्सुक.

बँडवाले उतरले आणि काय वाजवावं हे न कळून उभे राहिले. जुन्नरकडचे व्याही गाडीतून उतरून फलक वाचू लागले, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मी दोघांना हात जोडले. जोडलेले हात त्यांना फलकावरही दिसत असल्याने परिणाम झाला नाही.

"नाना, पाया पडतो. मुहूर्त टळेल."

"जानकूला सांग. त्यानं आदी काटं काढावं."

"भाऊ—"

"मी कोपरा काढतो. त्यानं लिवून द्यावं, वाट हाय म्हनून."

"पावनं उनात हुबं हायेत!" भागू मागून ओरडली. "लाज कशी न्हाई वाटत फेटं बांधून?"

"फेटा तुमीच दिलाय, वैनी," कुशाबा म्हणाला. ते खरं होतं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, मांडवाकडच्या बाजूला, घासत ओढल्याचा आवाज आला. जानकूच्या कोपऱ्यातले काटे सरकत होते. हर्षाली होती. शालू गुडघ्यापर्यंत खोचलेला, हळदीचे हात, मुंडावळ्या कानामागे टाकलेल्या, आणि हातात बेचक्याची काठी. तिने एक झुडूप बेचक्यात धरलं आणि मागे मागे चालत बांधाबाहेर ओढून नेलं. मग दुसरं. काही फिकट झालं नाही, मागे काही उमटलं नाही. जिथलं होतं तिथलं उठलं आणि जिथे ठेवलं तिथे राहिलं.

कोपरा मोकळा करून ती बांधावर आली. आमच्याकडे पाहिलं नाही.

"जानकूकाका, सरका."

जानकू सरकला.

"नाना, पाय उचला, काटा लागंल."

कुशाबाने पाय उचलला आणि दुसरीकडे ठेवला. अकरा वर्षांत त्याला असं कुणी सांगितलं नसावं, इतक्या पटकन.

शेवटचं झुडूप निघालं. वाट मोकळी झाली. सव्वाबारा वाजले होते. बँडवाल्यांनी एकदम तोंडाला येईल ते सुरू केलं आणि वऱ्हाड बांधावरून आत निघालं. पुढे नवरा, त्याच्यामागे त्याची आजी, धाकटा नातू हात धरून. आजारपणामुळे साखरपुड्याला आल्या नव्हत्या, मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. त्या फलकापाशी थांबल्या, डोळ्यांवर हात धरून त्रेचाळीस चेहरे डावीकडून उजवीकडे पाहिले, मग बांधावर काठी घेऊन धापा टाकत उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं.

"गुरुजी," त्यांनी मला विचारलं, "ही कोन पोर म्हनायची? तुमच्या फलकावर तर ही कुटंच न्हाई."

त्या पहिल्या रविवारी दुपारी, भावकी यायच्या आधी, जागा कमी पडायला नको म्हणून मी डाव्या कडेच्या वाहनतळावर सगळ्यात आधी जो फोटो नेऊन ठेवला तो हर्षालीचा होता.